उभ्या गाडीचं म्हातारपण

आयर्लंडमधल्या कॅम्पर व्हॅनच्या पुढच्या काचेवर तीन कागद दिसतात: मोटार टॅक्स, विमा आणि गाडी रस्त्यावर आणण्याजोगी असल्याचा दाखला. पहिले दोन पैसे भरले की मिळतात, तिसरा मिळवावा लागतो. साध्या मोटारीला तो एनसीटीच्या, म्हणजे मोटारींच्या राष्ट्रीय चाचणीच्या, केंद्रात मिळतो. कॅम्परला मात्र मालवाहू गाड्यांच्या रांगेत, कुणाच्या तरी डिलिव्हरी व्हॅनमागे उभं राहावं लागतं. या चाचणीचं अधिकृत नाव सीव्हीआरटी, पण गॅरेजवाले आणि जुने मालक अजून तिला ‘डीओई’च म्हणतात, कारण एके काळी ती पर्यावरण खात्याच्या अखत्यारीत होती. गाडी चार वर्षांची झाली की पहिली चाचणी, मग दर दोन वर्षांनी, आणि दहा वर्षं उलटली की दरवर्षी. काउंटी मेयोमधल्या बॅलिना गावातून चालणारी रोड सेफ्टी ऑथॉरिटी ही संस्था त्यावर देखरेख ठेवते.

दाखला हातात पडला की मालक निर्धास्त होतो. ही पुस्तिका त्या निर्धास्तपणासाठी लिहिली आहे. चाचणीत ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, टायर, सस्पेन्शन, चॅसीचा गंज आणि धूर पाहतात, आणि कसून पाहतात. पण तपासनीस गाडी तपासतो, गाडीतलं घर तपासत नाही. शेगडीची नळी कुठल्या सालची आहे, फ्रिजच्या ज्योतीचा धूर नेमका बाहेर जातो का, छताच्या खिडकीभोवतालचं लाकूड आतून मऊ पडलंय का, आधीच्या मालकाने बाकाखालून कुठली वायर कुठे जोडली आहे, हे पाहणं त्याचं काम नाही. आणि रात्री मुलंबाळं झोपतात ती याच न तपासलेल्या अर्ध्या भागात. त्या अर्ध्या भागाचा तपासनीस मालकालाच व्हावं लागतं.

जुन्या कॅम्परच्या जाहिरातीत वय वीस-बावीस वर्षांचं असतं आणि धाव जेमतेम लाखभर किलोमीटर. घेणारा दुसरा आकडा वाचून खूश होतो. टॅक्सी रोज पळते, रोज तापते, तिच्या यंत्रातली ओल उडून जाते, ब्रेकच्या चकत्यांवरचा गंज रोज घासून निघतो. कॅम्पर वर्षातले बरेच महिने घराच्या कडेला उभी असते. तिची झीज किलोमीटरच्या आकड्यावर होत नसते, ती कॅलेंडरच्या पानांवर होते: रबर कडक होतं, तारा अडकतात, बॅटरी मरते, सांध्यातलं सीलंट आक्रसतं. कमी धाव ही अशा गाडीची शिफारस मानू नये. मी तर म्हणेन, दोन सारख्या गाड्या समोर असतील तर दर उन्हाळ्यात फ्रान्सला जाऊन आलेली निवडावी.

त्यातून हे आयर्लंड. रत्नागिरीला वर्षात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. आयर्लंडच्या पश्चिम भागात तो साधारण १००० ते १४०० मिलिमीटर, आणि पूर्वेकडे त्याहून कमी. आकडे पाहून कोकणातला माणूस हसेल. पण कोकणातला पाऊस चार महिन्यांत आटोपतो आणि दसऱ्यानंतरचं ऊन भिंती, वासे, कौलं सगळं कडकडीत वाळवून टाकतं. इथे पश्चिमेच्या काही भागांत वर्षातले सुमारे २२५ दिवस पावसाचे, पूर्व किनाऱ्यावरही दीडशेच्या आसपास. मधल्या दिवसांत ऊन पडतं, पण वाळवण होत नाही. कोकणात मे महिन्यात आगोटीची कामं उरकली की माणूस सुटतो. इथे आगोट बारा महिने लागलेलीच असते, म्हणून वर्षातून एकदा मोठी सफाई करून भागत नाही. थोडं थोडं, पण सतत पाहावं लागतं.

पावसासोबत मीठ येतं. डोनेगलच्या मॅलिन हेडपासून कॉर्कमधल्या किन्सेलपर्यंतचा अडीच हजार किलोमीटरचा ‘वाइल्ड अटलांटिक वे’ २०१४ साली जाहीर झाला. कॅम्परवाल्यांची ती पंढरीची वाट, आणि सगळी खाऱ्या वाऱ्याची. केरीतल्या इंच स्ट्रँडवर तर गाडी थेट वाळूवर नेता येते. संध्याकाळचे फोटो सुंदर येतात आणि चाकांच्या कमानीत ओली, खारट वाळू बसते. हिवाळ्यात मुख्य रस्त्यांवर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात, ते निराळंच. किनाऱ्यावरून परतल्यावर गाडीचं पोट गोड्या पाण्याच्या फवाऱ्याने धुणं हे या पुस्तिकेतलं सर्वांत स्वस्त काम आहे. टपावर पॉलिश फिरवण्याआधी ते करावं.

गंज दिसतो तिथे क्वचितच धोकादायक असतो. दाराच्या खालच्या कडेचा फोड डोळ्यांना खुपतो, पण गाडी तोलून धरणारे भाग खाली असतात: उंबरठ्याच्या पोकळ पट्ट्या, जॅक लावायच्या जागा, मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा चॅसीला जिथे अडकवलेल्या असतात ते कान, सीटबेल्टचे बोल्ट जिथे पत्र्यात शिरतात त्या जागा. विकायला काढलेल्या गाडीचं पोट नुकतंच काळ्या डांबरी रंगाने रंगवलेलं असेल तर कौतुक करू नये, संशय घ्यावा. ओल्या गंजावर मारलेला जाड थर गंज थांबवत नाही, त्याला पांघरूण घालतो आणि आतल्या आत पोसतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आवाज ऐकावा. निरोगी पत्रा खणखणतो, कुजलेला भद्द वाजतो.

रबराचा हिशेब वेगळा. कॅम्परचे टायर झिजून बाद होण्याआधी म्हातारे होऊन बाद होतात. कायद्याने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. जुन्या कॅम्परच्या टायरला ती सहज सहा-सात मिलिमीटर असते आणि मालक मापपट्टी दाखवून समाधानाने हसतो. टायरच्या बाजूला ‘डॉट’ या अक्षरांनंतरच्या खुणांच्या शेवटी चार अंक असतात. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. सहा-सात वर्षांपुढच्या टायरवर भरल्या कॅम्परचा भार टाकून मोटरवेवर जाऊ नये, हे जाणकारांचं साधारण मत, आणि मला ते मान्य आहे. महिनोन्‌महिने एकाच जागी तीन टनांखाली दबलेला टायर बाजूच्या भिंतीतून तडकतो. तडे बाहेरच्या बाजूला दिसतात, तेव्हा आतल्या बाजूला वाकून पाहावं. तिकडे ते जास्त असू शकतात.

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांसाठी २०२३ साल महत्त्वाचं आहे. त्या जुलैपासून आयर्लंडच्या पंपांवर ई-१० आलं, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, मऊ पडतात, मग चिरतात. याची सर्वांत जास्त झळ लागते ती मागे इंजिन असलेल्या जुन्या फोक्सवॅगनना. आयर्लंडचं फोक्सवॅगनवरचं प्रेम जुनं आहे. १९५० साली डब्लिनच्या शेलबर्न रोडवर स्टीफन ओ’फ्लॅहर्टी यांनी बीटल जोडायला सुरुवात केली, जर्मनीबाहेर जोडलेल्या त्या पहिल्या बीटल. तेव्हा त्याच घराण्यातली, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची कॅम्पर इथे कुणी जिवापाड जपत असेल तर नवल नाही. पण त्या गाडीत पेट्रोलची नळी तापलेल्या इंजिनाजवळून जाते आणि इंजिन चालकाच्या पाठीमागे, गाडीच्या शेपटाशी. नळीने गळायला सुरुवात केली की चालकाला कळायच्या आधी मागच्या गाडीवाल्याला धूर दिसतो. इथेनॉल सोसणारी नवी नळी काही युरोंत येते. संपूर्ण संच एकदम बदलावा, तुकडे जोडत बसू नये.

बाकीच्या घराण्यांचे आपापले आजार. माझदा बोंगो जपानहून वापरून आलेली, इंजिन पुढच्या सीटांखाली लपलेलं, त्यामुळे कूलंट कमी झालेलं लक्षात येत नाही आणि एका चढावर इंजिनाचं हेड जातं. तिला कूलंटच्या पातळीचा अलार्म बसवून घेतात, ते शहाणपणाचं आहे. फियाट डुकाटोच्या पाठीवर बांधलेल्या गाड्या युरोपभर आहेत. त्यांच्यात टायमिंग बेल्ट हा किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी भरेल त्यावर बदलायचा, आणि कॅम्परच्या बाबतीत नेहमी वर्षं आधी भरतात. २००६नंतरच्या डुकाटोत काचेखालच्या पन्हाळीतून पाणी इंजिनावर ठिबकतं, ते बोनेट उघडून पावसात पाहावं. टोयोटा हायएस कमी कटकटीची. तिचा शत्रू फक्त गंज.

ब्रेकच्या तेलात हवेतली ओल शिरते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं. उभ्या गाडीतही ते म्हातारं होतं. सपाट रस्त्यावर फरक कळत नाही. कॉर्क आणि केरीच्या सीमेवरच्या हिली पासवरून भरलेली गाडी उतरवताना, दहा मिनिटं ब्रेकवर पाय राहिला की त्या तेलातलं पाणी उकळतं, वाफ होते आणि पेडल खोल जातं. उतारावर खालच्या गियरमध्ये उतरायचं, हे आपल्या घाटातलं शिक्षण इथे कामी येतं. डिंगलच्या कॉनर पासला मात्र कॅम्परने वाकडी वाटही करू नये. तिथे दोन टनांवरच्या आणि १.८ मीटरहून रुंद गाड्यांना बंदी आहे, आणि कड्यालगतच्या त्या अरुंद पट्टीत समोरून वाहन आलं की बंदीचं कारण विचारावं लागत नाही. हिवाळ्यात गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नये. ओलीत ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात, तार गंजून अडकते. गियरमध्ये ठेवून चाकांना लाकडी उट्या लावाव्यात.

गॅसवर जरा सविस्तर लिहितो, कारण बाकीच्या चुका खिशाला पडतात आणि ही जिवाला. ओट्याखालच्या नारिंगी नळीवरचं साल पाहायची आणि पाच वर्षांनी ती बदलायची सवय आपल्याला घरून असते. कॅम्परच्या नळीवरही साल छापलेलं असतं, फक्त सिलिंडरच्या कपाटात वाकून टॉर्च मारल्याशिवाय दिसत नाही. रेग्युलेटरचंही वय होतं. जुन्या जर्मन गाड्यांतली उपकरणं ५० मिलिबारची, नंतरच्या युरोपीय गाड्यांतली ३०ची. मधल्या कुठल्या मालकाने एखादं बदललं असेल तर शेगडीच्या पाठीवरचा आकडा आणि रेग्युलेटरवरचा आकडा जुळतो का हे पाहावं. सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघणं मालकाने दर हंगामात करावं. सांधे उघडणं, नळी जोडणं आणि दाबाची चाचणी ही एलपीजीचं काम करणाऱ्या नोंदणीकृत माणसाची कामं, तिथे हौस बाजूला ठेवावी.

एलपीजी हवेपेक्षा जड. गळाला तर तो जमिनीवर साचतो. म्हणून कॅम्परच्या तळाला, सिलिंडरच्या कपाटात आणि शेगडीखाली भोकं ठेवलेली असतात. फेब्रुवारीत त्यांतून गार वारा पायांना झोंबतो आणि कुणीतरी मोजा कोंबून ती बंद करतं. जुनी गाडी घेतली की सगळ्यांत आधी हे मोजे शोधावेत. कार्बन मोनॉक्साइडची गोष्ट उलटी. गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, याला वास नाही. फ्रिज गॅसवर चालत असेल तर त्याच्या धुराड्यात कोळ्याची जाळी, पक्ष्याचं घरटं, गंजाचे पापुद्रे अडकतात, ज्योत पिवळी पडते आणि विष आत येतं. पावसामुळे विझत आलेला बार्बेक्यू तंबूत किंवा गाडीत आणणं हा तर झोपेत मरण्याचा सोपा मार्ग. अलार्म घेताना खोक्यावर ‘ईएन ५०२९१-२’ हा क्रमांक पाहावा. तो कॅरव्हॅन आणि बोटींसाठीचा. त्याच्या पाठीवर मुदतीची तारीख असते, आणि बटण दाबल्यावर वाजतो म्हणून तो चालू आहे असं समजू नये.

इथे घराघरांत दिसणारा कॅलर कंपनीचा पिवळा सिलिंडर ब्यूटेनचा असतो. ब्यूटेन शून्याच्या आसपास वाफ व्हायचं थांबतं, प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत चालतं. ईस्टरच्या सुट्टीत पहाटे चहाला ज्योत येईना म्हणून भरला सिलिंडर रिकामा समजून परत देणारे आहेत. हिवाळ्यात प्रोपेन घ्यावं. रॉसलेअरहून शेरबूर किंवा बिल्बाओच्या फेरीवर चढण्यापूर्वी आणि पेट्रोल पंपावर शिरण्यापूर्वी सिलिंडरचा कान पिळून बंद. फ्रिजची ज्योत चालू ठेवून पंपावर उभं राहणं याला धाडस म्हणत नाहीत.

आणि एक किलो एलपीजी जळला की सुमारे १.६ लिटर पाणी वाफेच्या रूपात हवेत जातं. बाहेर पाऊस, खिडक्या बंद, आत कुकरच्या शिट्ट्या, वर पोळ्या, त्यात चौघांचे श्वास. मग सकाळी काचांवरून ओघळ वाहतात आणि गाद्यांच्या पोटाला काळी बुरशी धरते. ओल बाहेरून जितकी शिरते तितकीच आपण आत शिजवतो. आपल्या स्वयंपाकाने ती इथल्या टोस्ट-बीन्सवाल्यांपेक्षा चारपट होते, असा माझा अंदाज आहे आणि मी तो मोजलेला नाही. छताची खिडकी दोन बोटं उघडी ठेवून शिजवावं, गाद्या दिवसा उभ्या कराव्यात. तेलाने पेट घेतला तर पाणी मारायचं नाही, आगीचं ब्लँकेट टाकायचं. ते शेगडीच्या वर न लावता दाराशी लावायचं, म्हणजे ज्वाळेतून हात घालावा लागत नाही.

बाहेरून शिरणारी ओल शोधायला ओलावामापक घ्यावा. लाकडी सांगाड्याच्या भिंतीत पंधरा टक्क्यांच्या आत आकडा असेल तर झोप लागेल. विसाच्या वर गेला तर पाणी कुठून येतंय याचा शोध त्याच आठवड्यात सुरू करावा. शोध वरून खाली घ्यायचा: छताच्या खिडक्या, कडांच्या ॲल्युमिनियम पट्ट्या, मागचे दिवे. डाग पडतो ती जागा आणि गळते ती जागा क्वचितच एक असते. वॉलपेपर हाताला नवीन लागत असेल आणि बाकी गाडी जुनी असेल, तर तो कशासाठी लावला हे विक्रेत्याला विचारावं.

विजेचं थोडक्यात. राहण्याच्या बॅटरीचं माप १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. लेड-अॅसिड बॅटरी याखाली हिवाळाभर पडून राहिली तर वसंतात नवी घ्यावी लागते. कॅम्पसाइटच्या निळ्या सॉकेटला गाडी जोडली की आरसीडीचं, म्हणजे गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचचं, चाचणीचं बटण दाबून तो पडतो का ते बघावं. केबल रिळावर गुंडाळलेली ठेवून हीटर लावू नये, ती वितळते.

वजनाकडे मराठी घरांनी जास्त लक्ष द्यावं, हे मी मायेने म्हणतो. बी वर्गाच्या परवान्यावर साडेतीन हजार किलोपर्यंतची गाडी चालवता येते, आणि जुन्या कॅम्परची प्लेट बहुधा त्याच्या आतबाहेरच असते. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. त्यात तांदळाची गोण, दोन कुकर, मिक्सर, सायकली, चांदणी आणि भारतातून आलेले आई-बाबा. आई-बाबांना मागच्या आडव्या बाकावर गप्पा मारत बसवण्याचा मोह होतो. पण त्या बाकाला बेल्ट नसेल तर तो प्रवासातला बाक नव्हेच, आणि मुलगा १५० सेंटिमीटर आणि ३६ किलोचा होईपर्यंत त्याला योग्य बाल-आसन लागतं. सीटा मोजून माणसं घ्यावीत, झोपायच्या जागा मोजून नव्हे. परवान्याचंही सांगून ठेवतो: इथे राहायला आल्यावर भारतीय परवाना बदलून मिळत नाही, थिअरी परीक्षा, लर्नर परमिट आणि सक्तीचे धडे करावेच लागतात. १ जानेवारी २०२१पासून ब्रिटनमधून गाडी आणताना २३ टक्के व्हॅट आणि बऱ्याचदा सीमाशुल्क भरावं लागतं. त्यामुळे देशातल्या देशात फिरणाऱ्या जुन्या गाड्या अधिक मौल्यवान झाल्या आहेत आणि घाईने विकत घेतल्या जातात.

वाऱ्याचा उल्लेख करायला हवा. २४ जानेवारी २०२५च्या एओविन वादळात गॉलवेतल्या मेस हेडला ताशी १८३ किलोमीटरचा झोत नोंदला गेला. एवढं उंच, पोकळ वाहन अशा वेळी समुद्रकाठच्या मोकळ्या पार्किंगमध्ये नसावं. लाल इशारा आला की तोंड वाऱ्याकडे करून भिंतीच्या आडोशाला लावण्याइतका वेळ हाताशी असताना निघावं.

पुढच्या पानांत चार तक्ते आहेत. पहिला गॅसचा, कारण तिथली चूक जिवाला पडते. दुसरा ओल आणि गंजाचा, तिसरा रबर आणि ब्रेकचा, चौथा निघण्याआधी पाच मिनिटांत गाडीभोवती मारायच्या फेरीचा. चारही एकाच दिवशी करायचे नाहीत. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी इथे सेंट ब्रिजिडची सुट्टी असते, २०२३पासूनची. त्या दिवशी पहिला आणि दुसरा करावा, म्हणजे मेच्या सुट्टीपर्यंत कारागिराची तारीख मिळते. प्रत्येक तक्त्याच्या शेवटी तारीख आणि किलोमीटरचा रकाना आहे. तो पेन्सिलीने न भरता शाईने भरावा, कारण गाडी विकायची वेळ आली की घेणारा हीच पानं मागणार आहे.